मागे न घेतलेला ठराव

नवी दिल्ली
१४ डिसेंबर १९५८

भाऊ,

जयभीम. पत्र फाडायचं असेल तर पूर्ण वाचून फाड. निम्म्यात फाडलंस तर पंचफुलावहिनीला तुकडे जोडत बसावं लागेल, आणि तिला चुलीपुढून उठवायची तुझी हिंमत नाही हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मायचा निरोप मिळाला. तिने बोरीच्या गुरुजींकडून लिहवून घेतला. गुरुजींनी तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं हे बरं केलं. "देवराव म्हनते, भामीनं मले साऱ्या देशासमोर उघडा केला. तिले म्हना, सरकारच्या पुस्तकातून मले काढ, तवाच या घरची पायरी चढजो."

आता ऐक. मी काय बोलले ते तुला पारावर बसून पेपर वाचणाऱ्यांनी आपापली फोडणी घालून सांगितलं असणार. म्हणून माझ्याकडून ऐक. राज्यसभेत शिष्यवृत्त्यांवर चर्चा होती. मला बोलायला थोडासा वेळ मिळाला, तोही जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर, म्हणजे निम्मी बाकं रिकामी. हिंदीत बोलले. माझ्या हिंदीला इथे हसतात. हसू देत. मी म्हणाले, "आमच्या दारव्हा तालुक्यात एक बाप आहे. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि गावात सगळ्यांच्या आधी त्याने आपले देव टोपलीत भरून अडाण नदीत नेऊन सोडले. पुढच्या वर्षी त्याची मुलगी कॉलेजात गेली. शिष्यवृत्तीच्या अर्जात धर्माचा रकाना होता. बौद्ध लिहिलं तर शिष्यवृत्ती नाही, कारण तुमचा आदेश सांगतो की हिंदू किंवा शीख असेल तोच अनुसूचित जातीचा. त्या बापाने टाक उचलला आणि हिंदू महार लिहिलं. ज्या हाताने देव नदीत सोडले त्याच हाताने. मी सरकारला विचारते, हे त्याने लिहिलं की तुम्ही लिहवून घेतलंत?"

एवढंच. यात तुझं नाव कुठे आहे सांग. बोरीत नाव लागत नाही, देव कोणी आधी सोडले एवढं सांगितलं की शेंबडं पोरसुद्धा तुझ्या दारात आणून उभं करेल, हे मी विसरले, असं म्हणायचं असेल तर म्हण. त्यापुढे काही म्हणू नकोस. मी तुला चोर म्हटलं नाही. चोर कोण ते मी त्याच वाक्यात सांगितलं होतं, पण पारावर ते वाक्य कोणी वाचून दाखवलेलं दिसत नाही.

पुस्तकातून काढायचं म्हणतोस, तर त्याचीही रीत सांगते. सभागृहाच्या मध्यभागी रिपोर्टर बसतात. आपण बोलतो ते ते भराभर लिहून घेतात आणि मग टाईप करून आपल्याकडे पाठवतात. त्यात एखादा शब्द चुकीचा ऐकला असेल तर तेवढा दुरुस्त करता येतो. बोललेलं गिळता येत नाही. आणि येत असतं तरी मी ते काढलं नसतं. त्या पुस्तकात राजेरजवाड्यांच्या तनख्यावर पानंच्या पानं आहेत, सिमेंटवर आहेत, साखरेवर आहेत. अडाण नदीचं नाव त्यात यायला माझ्या त्या दोन मिनिटांची वाट पाहावी लागली.

पायरी चढायला मी उन्हाळ्यात येणार आहे. मायला सांग.

भामा


नवी दिल्ली
८ मार्च १९५९

भाऊ,

तुला पाठवलेली मनीऑर्डर परत आली. पोस्टमनने वर 'घेण्यास नकार' लिहिलंय. तुझ्या नकाराचंही टपाल खात्याने सरकारी मराठी केलं, तू याहून कडक काही बोलला असशील.

सुमेधाने मला कळवलं. तू कळवणार नव्हतास हे मी धरूनच होते. कुणा भल्या माणसाने तो पेपर कापून तिच्या कॉलेजात पाठवला आणि सोबत लिहिलं की ही मुलगी बौद्ध असून हिंदूंची शिष्यवृत्ती खाते. ऑफिसात बोलावून तिला विचारलं, तू हिंदू की बौद्ध. तिच्यापुढे तुझ्या सहीचा अर्ज ठेवला होता. ती म्हणाली, बौद्ध. शिष्यवृत्ती बंद झाली. परीक्षेला बसू देतील, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

मुलगी तुझी आहे यात शंका नाही.

वसतिगृहाचे पैसे मी भरते म्हटलं तर ती म्हणते, बाबा हो म्हणतील तरच. आणि बाबा पोस्टमनला हाकलून देतात. तू प्रेसमध्ये रुईच्या गाठी आवळतोस, तसा स्वतःलाही आवळून बसला आहेस. तू चौथीतून निघालास म्हणून मी शिकले, हे तू एकदाही बोलून दाखवलं नाहीस. मग मी शिकून चार पैसे मिळवले ते तुझ्या मुलीच्या कामी आले तर त्यात कोणाचं नाक कापलं जातं? तुझ्यावर राग आहे माझा. पत्रातून ओरडता येत नाही म्हणून अक्षर मोठं काढलंय.

आता इथली गोष्ट. ती तुला कळायला हवी, कारण तिच्यात तुझी मुलगी आहे. गेल्या महिन्यात तोच विषय पुन्हा निघाला तेव्हा मंत्र्यांनी मला उत्तर दिलं. हसत हसत म्हणाले, "माननीय सदस्याच सांगतात की त्या पित्याने अर्ज भरला आणि शिष्यवृत्ती मिळाली. मग अडचण कुठे आहे?" सभागृह हसलं. माझ्या शेजारची बाईसुद्धा हसली, आणि मग माझ्याकडे बघून थांबली.

मी त्याच दिवशी ठरावाची सूचना दिली. दर पंधरवड्याला एक शुक्रवार खासगी सदस्यांचा असतो, म्हणजे मंत्री नसलेल्या आमच्यासारख्यांचा. ज्यांना ठराव मांडायचा त्यांच्या नावांची सोडत निघते. यंदा नाही निघाली, पुढल्या अधिवेशनात पुन्हा टाकेन. ठराव असा, की धर्म बदलल्याने ज्यांची गरिबी बदलली नाही, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाच्या सवलती आहेत तशा चालू ठेवाव्यात. साधा आहे. मायला वाचून दाखवलास तर तिलाही कळेल.

सूचना दिली आणि नीळकंठराव यवतमाळहून दिल्लीला आले. तुला आठवतात ना, आझाद मैदानाकडचे वकील, ज्यांनी मला मास्तरणीची खासदारीण केलं. माणूस चांगला आहे, मी त्यांच्याबद्दल वाईट लिहिणार नाही. माझ्या हातचा चहा प्याले, कप स्वतः विसळून ठेवला. मग म्हणाले, "सत्यभामाबाई, ठराव मांडा, हरकत नाही. मंत्री आश्वासन देतील. तुम्ही आभार मानून मागे घ्या. खासगी ठराव असेच असतात, शेवटी सगळे मागे घेतात. आणि तुमच्या भाचीचं प्रकरण खास बाब म्हणून मिटवून देतो असा शब्द मिळालाय मला."

मी म्हटलं, "आणि तिच्याबरोबर ज्या बाकीच्या मुलींचं बंद झालं त्यांचं?"

ते म्हणाले, "आज एक पोरगी वाचवा. कायदा काय, पुढच्या वर्षीही असेल."

"पुढच्या वर्षीही असेल म्हणूनच तर ठराव आणलाय," मी म्हटलं.

त्यांनी आपली टोपी उचलली. मग म्हणाले, विचार करा. मी विचार करत नाहीये, भाऊ. मला तुला विचारायचंही नाही, कारण विचारलं आणि तू म्हणालास की घे मागे, माझ्या पोरीचं बघ, तर मी काय करू? बाप म्हणून तुझा हक्क आहे म्हणून सांगितलं. सुमेधालाही सांगितलं. तिचं उत्तर आलं, "आत्या, मले खास बाब कायले करून राह्यले? मी काय खास हावो?" नागपुरात राहून पोरीची भाषा शहरी झाली म्हणत होतास. रागावली की होते पुन्हा बोरीची.

भामा


यवतमाळ
११ जून १९५९

भाऊ,

तुझ्या घरून मी कालच निघाले, आणि यवतमाळला पोचून तुला पत्र लिहिते आहे. तू माझ्याशी बोलला नाहीस तर मी तरी दुसरं काय करू? लोहाऱ्यावरून सरळ येणारी मोटार कळंबला वळसा घालून यावी इतका लांबचा हा रस्ता, एकाच अंगणात बसलेल्या दोन माणसांचा.

खरं तर बोललास. मी अंगणात बाजेवर, तू ओट्यावर माझ्याकडे पाठ करून, आणि आपल्या मधे वहिनी तूर निवडत बसलेली. "पंचफुला, खासदारबाईले इचार, चहा घेते का." वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वहिनी, भाऊले सांगा, घेते." असा आपला कारभार सगळी दुपार चालला. वहिनी शेवटी म्हणाली, "मी काय पोस्टाची पेटी हाये का दोघाईची? तोंडं देल्ली हायेत ना देवानं..." आणि मग जीभ चावून म्हणाली, "देवानं नाही, मायनं." माय हसली, सुमेधा हसली. तुझे खांदे हलले ते मी पाहिलंय. नाही म्हणू नकोस.

पण पुढे तू जे बोललास त्यावर कोणी हसलं नाही. नीळकंठरावांचा माणूस येऊन गेला होता, त्याने तुलाही सांगून ठेवलं होतं. माझी राज्यसभेची मुदत एप्रिलात संपते. पक्षाने ठरवलंय की पुढच्या निवडणुकीत मला लोकसभेला राखीव जागेवर उभं करायचं. त्यासाठी अटी दोन, ठराव मागे घ्यायचा, आणि उमेदवारीच्या अर्जावर जुनी जात लिहायची. वरच्या सभागृहात राखीव जागा नसतात, त्यामुळे मी तिथे जाताना धर्माचं कोणी विचारलं नव्हतं. खालच्या सभागृहाच्या दारात विचारतात.

तू म्हणालास, "पंचफुला, तिले सांग. मी लिवलं त मले भरसभेत उभं केलं. आता तिलेही तोच कागद देऊन राह्यले. ते लिवन त तिले कोन उभं करन?"

वहिनीने तूर बाजूला सारली.

"आन् हेही सांग," तू म्हणालास, "मी पोरीसाठी लिवलं होतं. बाई खुर्चीसाठी लिवन. ठरावही वापस घेईन. सारेच घेतात म्हने. तोवर माह्यी पोरगी घरी बसली तरी चालन, पन नुसतं बोलनारीच्या पैशावर शिकनार नाई."

भाऊ, त्या वेळी मी उठून आत गेले ते रडायला, असं तुला वाटलं असेल. रडायला नाही गेले. तुझ्या पाठीवर काहीतरी फेकून मारावं असं वाटलं म्हणून गेले, आणि हाताशी फक्त मायचा पाण्याचा लोटा होता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहून देते, म्हणजे वहिनीला त्रास नको. मी लिहिणार नाही. यवतमाळला उतरल्याबरोबर नीळकंठरावांच्या घरी गेले आणि तेच सांगितलं. ते झोपाळ्यावर होते, झोपाळा थांबवला. "नीट विचार केलात?" मी म्हटलं, "नाही केला. विचार केला की मन वळतं, आणि मला वळवायचं नाही." ते म्हणाले, "मग दिल्लीत तुमचं हे शेवटचं वर्ष." मी म्हटलं, "बरं." त्यांच्या घरच्या रजनीताईंनी लाडू दिला तो रस्त्यात खाल्ला. चांगला होता.

तुझ्यासाठी मी हे केलं असं मुळीच समजू नकोस. तू मला ओळखत नाहीस याचा मला राग आहे. ज्याला मी देव नदीत सोडताना पाहिलं तोच माणूस म्हणतो की मी खुर्चीसाठी लिहीन. त्या दिवशी टोपलीचं दुसरं टोक कोणी धरलं होतं? खंडोबाचा टाक बोटांत अडकला तेव्हा "सोड व आता" असं तू कोणाला म्हणाला होतास?

सुमेधाला घरी बसवू नकोस. एवढंच मागते. मागतेय हे नीट वाच, सांगत नाहीये.

भामा


नवी दिल्ली
१९ ऑगस्ट १९५९

भाऊ,

सोडतीत नाव निघालं. ठराव अठ्ठावीस तारखेला, शुक्रवारी, दुपारी येईल.

प्रेक्षक गॅलरीचा एक पास तुझ्या नावाने खाली ऑफिसात काढून ठेवते. ये असं म्हणत नाही. मोटारीने वर्धा, वर्ध्याहून ग्रँड ट्रंक एक्सप्रेस. वर जाताना छत्री, पिशवी खाली ठेवायला लावतात. वर बसल्यावर बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, कठड्यावर वाकायचं नाही, पायावर पाय ठेवून बसलं तरी शिपाई येऊन सांगतो. तुला पाठ करून बसायचं असेल तर तशी सोय मात्र नाही, सगळी बाकं खाली सभागृहाकडे तोंड करून आहेत.

पक्षाने सगळ्यांना कळवलंय की ठराव मागे घेतला गेला नाही तर विरोधात मत द्यायचं. मला एकटीला वेगळं पत्र आलंय. ते फार गोड आहे, साखर जास्त झालेल्या चहासारखं.

तू म्हणालास बाई वापस घेईल. बघायचं असेल तर बघ.

भामा


नवी दिल्ली
३० ऑगस्ट १९५९

भाऊ,

न भेटता गेलास. बरं केलंस, भेटला असतास तर आपण दोघांनी मिळून वहिनीला तार करून बोलावून घेतलं असतं, मधे बसायला.

तू वर होतास, पण वरून सगळं ऐकू आलं नसेल. पुष्कळसं इंग्रजीत होतं. म्हणून सांगते.

मी मांडलं. चौघे बोलले. दोघांनी चांगलं सांगितलं आणि शेवटी म्हणाले की तरीसुद्धा ठरावाला पाठिंबा देता येत नाही. एक म्हणाले, ज्यांनी धर्म सोडला त्यांनी धर्माबरोबर आलेलं दुःखही सोडलं, मग सवलत कशाची? तेव्हा मी मधेच बोलले. "आमचं दुःख सोडवायला आलेला एखादा सरकारी माणूस मला दाखवा, मी त्याची गावातून मिरवणूक काढते." सभा चालवणाऱ्या पीठावरच्यांनी मला बसवलं. मग मंत्री उठले. ते या वेळी हसले नाहीत. म्हणाले, सरकारला सहानुभूती आहे, प्रश्न नाजूक आहे, विचार चालू आहे, माननीय सदस्यांनी ठराव मागे घ्यावा.

इथे काय होतं ते तुला माहीत हवं. मंत्र्यांनी असं म्हटलं की ठराव मांडणारा उठतो, मंत्र्यांचे आभार मानतो आणि म्हणतो, आश्वासन मिळालं, सभागृहाची परवानगी असेल तर मी ठराव मागे घेतो. मग सगळे घरी जातात. गेल्या दोन वर्षांत मी एकही खासगी ठराव याहून वेगळा संपलेला पाहिला नाही. म्हणून लोक कागद गोळा करायला लागले होते. माझ्या मागच्या बाकावरच्यांनी चपला पायात घातल्या, त्यांचा आवाज मला आला.

मी उठले. मी म्हटलं, "विचार चालू आहे हे मला मान्य आहे. शिष्यवृत्ती बंद आहे. विचार चालू आणि शिष्यवृत्ती बंद, हे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही. माझ्या भाचीचं नाव सुमेधा. गेल्या वेळी मी नाव घेतलं नव्हतं, आज घेते. तिच्या बापाचं नाव देवराव, राहणार बोरी अरब. त्याने तो अर्ज भरला यात लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नाही. लपवायचं असेल ते तुमच्याकडे आहे. मी ठराव मागे घेत नाही."

तुझं नाव मी तुला न विचारता घेतलं. आता तेही पुस्तकात गेलं, आणि तेही निघणार नाही.

पीठावरच्यांना वाटलं मी गोंधळले. त्यांनी समजावून विचारलं, "माननीय सदस्या ठराव मागे घेत आहेत ना?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. कागद गोळा करणारे थांबले. मग नाइलाजाने त्यांनी ठराव मताला टाकला. जे बाजूने असतील त्यांनी 'हाँ' म्हणावं.

मी 'हाँ' म्हटलं. एवढ्या मोठ्या खोलीत एकाच माणसाचा आवाज कसा लागतो ते मला तोवर माहीत नव्हतं. फार लहान लागतो.

आणि वरून आवाज आला, "हाव!"

भाऊ, त्या छताखाली तमिळ बोलतात, बंगाली बोलतात, पंजाबी बोलतात. 'हो'ला 'हाव' आपल्याशिवाय कोण म्हणतं? मी वर पाहिलं तेव्हा तू उभा होतास, डोक्याला पांढरा शेला, आणि दोन्ही बाजूंनी शिपायांनी तुझे दंड धरले होते. तू त्यांच्याशी झटापट केली नाहीस. एकाला काहीतरी सांगितलंस, त्याने तुझा हात सोडला, आणि तू स्वतःच्या पायांनी बाहेर गेलास. खाली कोणी हसलं. पीठावरच्यांनी घंटी वाजवली, विरोधात कोण ते विचारलं, सगळं सभागृह एकदम 'ना' म्हणालं. ठराव नामंजूर. मतविभाजन मागायचं, एकेकाला त्याच्या तोंडाने नोंदवायला लावायचं, असं मी घोकून आले होते. माझं लक्ष गॅलरीच्या दाराकडे राहिलं आणि वेळ गेली.

मी धावत खाली आले. सामान ठेवतात तिथल्या माणसाने सांगितलं, शेलावाले बाबा आपली छत्री घेऊन गेले, स्टेशन कुठे विचारत होते. जेवलास की नाही ते त्याला माहीत नव्हतं.

मग मी रिपोर्टरांकडे गेले. डिसेंबरात तू म्हणालास काढ, आणि मी तुला पत्र लिहून नियम शिकवला. परवा मी त्यांना म्हटलं, ठरावाच्या बाजूने वरून एक आवाज आला तो घाला. त्यांनी मला तोच नियम शिकवला. गॅलरीत जे बोललं जातं ते बोललं गेलंच नाही असं धरतात. मी भांडले. ते म्हणाले, बाई, आम्हांला तो माणूस दिसलाच नाही. सगळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणून मी इथे लिहून ठेवते. अठ्ठावीस ऑगस्टला बोरी अरबच्या ठरावाच्या बाजूने दोन मतं पडली. पुस्तकात एक सापडेल. दुसरं देणारा भाऊ आहे माझा.

नीळकंठरावांची तार आज आली. एकच ओळ आहे, "अखेर तुम्ही ऐकलं नाहीत." शेवटी 'आपला' या शब्दाचे पैसे मात्र त्यांनी भरलेत.

भामा


नवी दिल्ली
३ एप्रिल १९६०

भाऊ,

माझी मुदत संपली. खोलीची किल्ली देऊन टाकली. राखीव जागेच्या अर्जावर पक्षाने दुसऱ्या कोणाची तरी सही घ्यायचं ठरवलंय, त्या माणसाला माझ्या शुभेच्छा, त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या घरीही कोणी सुमेधा असेल. मला यवतमाळच्या माझ्या जुन्या शाळेत परत घेतील असं म्हणतात. घेतलं नाही तर दुसरी शाळा बघेन, खडू सगळीकडे सारखाच असतो.

शिष्यवृत्तीचा विचार अजून चालू आहे. पुढच्या बाईला किंवा बाप्याला मी सांगून ठेवलंय, विचार चालू आहे असं कोणी म्हटलं की उठून उभं राहायचं आणि मागे घ्यायचं नाही. एकजण तयार झालाय. आसामचा आहे, त्याला अडाण नदी कुठे ते मी नकाशावर दाखवलं.

सुमेधाचं पत्र आलं. तिने लिहिलंय की परवा जेवताना तू वहिनीला म्हणालास, "पंचफुला, जुलैमंदी पोरीले नागपूरले सोडून येजो. आन् तिच्या आत्याले लिवजो, मनीऑर्डर पाठोव म्हना. आता वापस जानार नाई." वहिनीने विचारलं, "आपल्या हातानं काहून नाई लिवत?" तर तू म्हणालास, "माह्या हातचं लिवनं सरकारनं बिघडवलं." आणि उठून हात धुवायला गेलास.

ते मी दोनदा वाचलं. भाऊ, तुझ्या हाताचं काही बिघडलेलं नाही. जुलैत सुमेधाचा नवा अर्ज भरायचा आहे. धर्माचा रकाना आहेच. तो तूच भर, दुसऱ्या कोणाला भरू देऊ नकोस. शिष्यवृत्ती मिळणार नाही, ते माझ्याकडे लागलं. अक्षर मोठं काढ.

बुधवारच्या गाडीने निघते, शनिवारपर्यंत बोरीला पोचेन. सामानात पुस्तकं फार आहेत, फाट्यावर बैलगाडी पाठव. पायरी चढू द्यायची की नाही ते चढल्यावर ठरव.

आणि माझ्याशी बोलायची घाई करू नकोस. ओट्यावर तसाच बस, पाठ करून. जे सांगायचं ते वहिनीला सांग. मला ऐकू येतं.

भामा